शब्दचर्चा : विषाणू 'परिपक्व' होतो म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न

नमस्कार. नववी-दहावीच्या मुलांसाठी डेंग्यूवरचा एक लेख मराठीत आणते आहे. एका वाक्यापाशी गाडी अडली आहे. मी लिहिलंय : 'संसर्ग झालेल्या पेशीत विषाणूच्या ग्लायकोप्रथिनांत बदल होऊन ती परिपक्व होतात.' व्याकरण ठीक आहे, पण वाचून हाती काही लागत नाही. शिवाय पुढे 'अपरिपक्व विषाणू' आला की मुलं तो दुबळा, निरुपद्रवी समजतील अशी धास्ती वाटते. 'परिपक्व', 'बदल' आणि 'ग्लायकोसिलेशन' या तिन्हींसाठी काय वापरावं? आणि 'क्लीव्हेज'ला, म्हणजे प्रथिनाची साखळी एका जागी तोडण्याला, विदलन म्हणावं की छेद?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या वाक्यात कर्ता हरवलाय. 'होऊन', 'होतात' असं म्हटलं की कोण करतं ते गुलदस्त्यातच राहतं. आणि इथे तेच तर सांगायचं आहे : हे सगळं काम आपली पेशी करते. डेंग्यूच्या विषाणूकडे शर्करा जोडणारं विकर (एन्झाइम) नाही, आणि ज्या छेदाने तो पक्व होतो तो छेद देणारं विकरही नाही. दोन्ही तो आपल्याकडून करून घेतो. कर्ता वाक्यात आला की निम्मा घोळ तिथेच मिटतो.

आता 'ग्लायकोसिलेशन'. काही ठिकाणी 'शर्करीकरण' वाचलं आहे, ते कृपया टाळा. 'शुद्धीकरण' म्हणजे शुद्ध नव्हतं ते शुद्ध करणं, तसं 'शर्करीकरण' म्हणजे शर्करा नव्हती तिची शर्करा करणं. स्टार्चपासून साखर बनवताना तो शब्द शोभतो. इथे प्रथिन प्रथिनच राहतं, त्याला शर्करेची साखळी जोडली जाते. म्हणून 'शर्करा-जोडणी' म्हणा, पहिल्यांदा येईल तिथे 'ग्लायकोसिलेशन म्हणजे शर्करा-जोडणी' असं एकदा लिहा आणि पुढे चला. 'साखर' मात्र नको. 'विषाणूवरची साखर' वाचून कुणी तरी रक्तातल्या साखरेशी संबंध जोडणारच, आणि मधुमेही वाचक उगाच घाबरेल.

ही जोडणी कशी होते ते मुलांना जरूर सांगा, कारण ती फार देखणी आहे. प्रथिनाची साखळी आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात) उतरत असतानाच, पूर्ण बनण्याआधीच, तिच्यावर १४ शर्करांचा तयार झुपका एकदम बसवला जातो : २ एन-ॲसिटाइल ग्लुकोजामिन, ९ मॅनोज आणि टोकाला ३ ग्लुकोज. तो वाटेल तिथे बसत नाही. आधी ॲस्पॅराजिन, मग प्रोलीन सोडून कोणतंही एक अमिनो आम्ल, मग सेरीन किंवा थ्रिओनीन असा क्रम असेल तरच तिथल्या ॲस्पॅराजिनवर बसतो. मग टोकाची दोन ग्लुकोज छाटली जातात. एकच उरलं की कॅल्नेक्सिन नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि प्रथिनाची घडी, म्हणजे साखळीचा योग्य आकार, नीट बसायला अवधी देतं. ते शेवटचं ग्लुकोजही निघालं की प्रथिन सुटतं. पण घडी चुकलेली असेल तर एक वेगळं विकर ते ओळखतं आणि ग्लुकोज पुन्हा चिकटवतं, की परत कॅल्नेक्सिनकडे. वारंवार चुकणारं प्रथिन शेवटी बाहेर काढून मोडीत घातलं जातं. म्हणजे ही शर्करा पेशीच्या तपासणीची खूण आहे, आणि विषाणूचं प्रथिनही त्याच तपासणीतून पास होऊन पुढे जातं. मला या सगळ्या विषयातली ही सर्वात विलक्षण गोष्ट वाटते.

पुढे गॉल्गी संकुलात (पेशीतल्या प्रथिनांच्या पुढच्या थांब्यावर) मॅनोज आणखी छाटलं जातं आणि अनेक साखळ्यांवर गॅलॅक्टोज, सियालिक आम्ल वगैरे चढतं. ते काय चढेल हे पेशीवर ठरतं. डेंग्यूच्या आवरणप्रथिनावर ६७ आणि १५३ या जागांवर शर्करा असतात. डासाच्या पेशीतून निघालेल्या विषाणूवर त्या मुख्यतः मॅनोजच्या, माणसाच्या पेशीतून निघालेल्यावर अधिक गुंतागुंतीच्याही. जनुक तेच, प्रथिन तेच, वरचा साज यजमानाचा.

म्हणूनच 'बदल' मला तोकडा वाटतो. 'सुधारणा' तर नकोच, त्यात चांगलं झाल्याचा भाव येतो. आपल्याकडे 'संस्कार' हा शब्द आहे : बियाण्यावर संस्कार, औषधी द्रव्यावर संस्कार. तयार वस्तूवर ठरलेल्या क्रमाने केलेली क्रिया, हा अर्थ त्यात आधीपासूनच आहे. 'प्रथिनावर शर्करा-जोडणीचा संस्कार होतो' असं लिहायला काय हरकत आहे?

प्रतिसाद २

'संस्कार' मान्य. पण 'परिपक्व' तुम्ही मध्येच सोडून दिलात, आणि प्रश्न मुळात त्याचाच होता. माझं मत : शब्द ठेवावा, पण त्यातलं चित्र बदलून द्यावं. पक्व म्हटलं की आपल्याला अढीतला आंबा दिसतो, नुसता वेळ गेला की पिकणारा. डेंग्यूचा विषाणू कितीही वेळ ठेवला तरी असा पिकत नाही. त्याला नेमक्या जागी छेद मिळावा लागतो.

नवा कण आंतर्द्रव्यजालिकेत बनतो तेव्हा त्याच्यावर ६० उंचवटे असतात. प्रत्येक उंचवटा म्हणजे 'पीआरएम' हे विषाणूचंच दुसरं प्रथिन आणि आवरणप्रथिन यांच्या तीन जोड्या. पेशीच्या पडद्याशी एकरूप होण्यासाठी आवरणप्रथिनाचं जे टोक लागतं, ते पीआरएमच्या 'पीआर' भागाखाली झाकलेलं असतं. कण गॉल्गी संकुलाच्या शेवटच्या टप्प्यात पोचतो, तिथल्या आम्लतेमुळे उंचवटे आडवे होतात, छेदाची जागा उघडी पडते आणि फ्युरिन हे आपल्या पेशीचं विकर छेद देतं. तुटलेला पीआर लगेच गळत नाही, आम्लता आहे तोवर चिकटून राहतो. कण पेशीबाहेर आला, आम्लता संपली, की मगच सुटतो. सुमारे ६० नॅनोमीटरचा खडबडीत कण आता ५० नॅनोमीटरचा गुळगुळीत झालेला असतो. ते झाकण आधीच गळलं असतं तर विषाणू बाहेर पडण्याआधी त्याच पेशीच्या पडद्याला जाऊन मिळाला असता.

'विदलन' ठेवू नये असं माझं मत. डाळीचं दल, द्विदल, यामुळे विदलन म्हटलं की दोन सारख्या भागांत फुटणं डोळ्यांसमोर येतं. इथे एकाच जागी, एकाच बंधावर घाव पडतो आणि तुकडे असमान असतात. 'छेद' आणि 'छेदस्थान' सोपे आणि नेमके आहेत.

आणि 'अपरिपक्व म्हणजे निरुपद्रवी' ही तुमची धास्ती अगदी रास्त आहे. डेंग्यूचं छेदस्थान फ्युरिनला फारसं सोयीचं नाही, म्हणून बरेच कण अर्धवट छेदलेले बाहेर पडतात. पूर्ण कच्चा कण एरवी पेशीला संसर्ग करू शकत नाही. पण आधीच्या डेंग्यूत तयार झालेली पीआरएमविरोधी प्रतिपिंडं त्याला चिकटली, तर प्रयोगशाळेत असं दिसलं आहे की ती प्रतिपिंडंच त्याला प्रतिकारपेशींच्या आत पोचवतात आणि तिथे उरलेला छेद पुरा होऊन तो संसर्गक्षम ठरतो. तेव्हा 'अपरिपक्व' बरोबर 'न छेदलेला' किंवा 'अर्धवट छेदलेला' हे प्रत्येक वेळी लिहाच.

प्रतिसाद ३

पशुवैद्यक आहे, म्हणून कोंबड्यांकडून एक भर. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला, देशातला पहिला उद्रेक. 'हा इतका घातक का?' याचं एक मोठं उत्तर याच 'छेद' शब्दात आहे. इन्फ्लुएन्झाचं हीमॲग्लुटिनिन हे पृष्ठभागावरचं प्रथिन अखंड बनतं आणि दोन भागांत छेदलं गेल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. सौम्य प्रकारांत छेदस्थानी बहुधा आर्जिनीन हे एकच अमिनो आम्ल असतं, आणि त्याला चालणारी विकरं मुख्यतः श्वसनमार्गात आणि आतड्यात मिळतात. एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूच्या घातक प्रकारात तिथे आर्जिनीन आणि लायसीन या अमिनो आम्लांची रांगच असते. ती फ्युरिनला चालते, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत असतं. म्हणून विषाणू मेंदूपर्यंत, सगळ्या शरीरभर पसरतो.

करोनाच्या डेल्टा प्रकारातही काटेरी प्रथिनाच्या ६८१ व्या जागी प्रोलीनऐवजी आर्जिनीन आलं आणि फ्युरिनचा छेद अधिक सहज होऊ लागला. दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी 'काटेरी प्रथिन' हा शब्द रोज वाचला, पण त्या काट्याला छेद लागतो हे मराठीत फार कमी ठिकाणी आलं. 'पक्व' लिहा की 'परिपक्व', पण छेद वाक्यात यायलाच हवा.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य आता असं केलंय :

'संसर्ग झालेली पेशी विषाणूच्या प्रथिनांवर शर्करा जोडते, त्यांची घडी तपासते आणि शेवटी फ्युरिन या आपल्याच विकराने त्यांना नेमक्या जागी छेद देते. हा छेद झाला आणि तुटलेला तुकडा पेशीबाहेर गळून पडला, की विषाणू परिपक्व, म्हणजे नव्या पेशीला संसर्ग करण्याजोगा होतो. छेद अर्धवट राहिलेले कण अपरिपक्व म्हणवले जातात, पण ते निरुपद्रवी असतातच असं नाही.'

एक शंका उरली. 'ग्लायकोप्रथिन' तसंच ठेवू की 'शर्कराप्रथिन' करू?

प्रतिसाद १

'ग्लायकोप्रथिन'च ठेवा. मुलं अकरावीत विज्ञानाला गेली की त्यांना 'ग्लायको' सगळीकडे भेटणार आहे : ग्लायकोजेन, ग्लायकोलिसिस. ओळख इथेच होऊ दे. आणि 'म्हणवले जातात'ऐवजी 'म्हणतात' करा, छोट्या वाचकांना ते सोपं पडेल.