मदत हवी आहे: उजव्या हाताची मुलगी, डावखुरी बॅटिंग. बदलायची का?

मुलगी ९ वर्षांची. लिहिणं, जेवणं, चेंडू फेकणं उजव्या हाताने. फुटबॉल मात्र डाव्या पायाने मारते आणि बॅट दिली की आपसूक डावखुरी उभी राहते. सर म्हणतात, आत्ताच उजवीकडे वळवा. करून पाहिलं: फटका जोरात बसतो, पण पायावरचा चेंडू हमखास सुटतो. दोन्ही तळव्यांच्या फटीतून दूरचा खांब बघायला लावला, तर उजवा डोळा प्रबळ निघाला, म्हणजे डावखुऱ्या स्टान्सला (उभं राहण्याच्या पद्धतीत) तो पुढे, गोलंदाजाच्या बाजूला येतो. सचिन डाव्या हाताने लिहितो, गांगुली उजव्याने गोलंदाजी करायचा, हे ठाऊक आहे. ती उदाहरणं नकोत. ग्लोव्ह्ज डाव्या-उजव्यांचे वेगळे, त्यामुळे खरेदी अडलीय. अशी मुलं शिकवलेल्यांनी सांगा: स्टान्स ठरवताना बॅटच्या दांड्यावर वर असणाऱ्या हाताची ताकद बघायची की डोळा?