विंटेज नोंदणी: ‘मोठा फेरबदल नको’ ही अट योग्य की जाच?

बारा-तेराचा पाना:
केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, १० वर्षं वैधता, मग नूतनीकरणाला ५,०००. इथवर तक्रार नाही. पण चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट पटत नाही. फियाट ११००ला वेगळी चेसिस नाहीच, बॉडी हाच सांगाडा. सिल (दारांखालच्या पट्ट्या) आणि फ्लोअर कुजले की पत्रा कापून नवा जोडावाच लागतो, नाहीतर जॅक लावल्यावर दारं अडकायला लागतात. ज्यानं गाडी जगवली तोच गुन्हेगार?

जुनंलोखंड:
गल्लत होतेय. त्याच जाडीचा, त्याच आकाराचा पत्रा त्याच जागी बसवणं ही दुरुस्ती. छत कापणं, व्हीलबेस बदलणं हा फेरबदल. इंजिनाचंही तसंच. सिलिंडर २० किंवा ४० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) रिबोर करून, म्हणजे आतून रुंद करून, ओव्हरसाइज पिस्टन घाला, क्रँक ग्राइंड करून, म्हणजे घासून, अंडरसाइज बेअरिंग टाका. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, आणि त्यावरचा नंबर तोच राहतो. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन कोंबलं तर ती विंटेज कसली! अट काढा, की नंबरपट्टी एका गाडीची आणि उरलेला डोलारा भलत्याच गाडीचा, असले नग रांगेत उभे राहतील.

कागदीघोडा:
तत्त्वावर भांडताय, पण काम अडतं ते पेन्सिल प्रिंटवर, म्हणजे चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं घेतलेल्या ठशावर. पंच केलेल्या नंबरावरून ग्राइंडर फिरला किंवा पुट्टी चढली की अक्षरं पुसट होतात, आणि पुसट नंबर म्हणजे चोरीचा संशय. सँडब्लास्टिंगआधी (वाळूच्या माऱ्यानं गंज काढण्याआधी) त्या जागेचे फोटो आणि प्रिंट काढा, वर जाड टेप लावा, वेल्डिंगनंतर पुन्हा फोटो. आयात गाडीला बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद, लागतं. त्यात चेसिस नंबरातल्या शून्याचा ‘ओ’ झाला असेल तर आधी कस्टम्सकडून दुरुस्ती करून घ्या, मगच आरटीओ.

बारा-तेराचा पाना:
डिझेल नको, कबूल. पण ब्लॉकलाच तडा गेला आणि त्याच मॉडेलचा दुसरा बसवला तर? साध्या नोंदणीत मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली (गाडीतल्या बदलांसाठीचं कलम) मंजुरी घेऊन आरसीत इंजिन नंबर बदलता येतो. इथे ‘मोठा’ म्हणजे किती, हेच लिहिलेलं नाही.

जुनंलोखंड:
म्हणून तर राज्याची समिती गाडी बघते. रेघ आखून दिली की लोक बरोब्बर रेघेला टेकणाऱ्या गाड्या बनवतील. आणि ब्लॉक इतक्या लवकर भंगारात कशाला? तडा बाहेरच्या भिंतीला असेल तर मेटल स्टिचिंग (धातूच्या पिनांनी तडा शिवणं), सिलिंडरमध्ये असेल तर बहुतेकदा स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी). शिवाय ही गाडी रोजच्या वापराची नाहीच. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

बारा-तेराचा पाना:
तेच तर! बदललेला ब्लॉक साध्या आरसीवर रोज हायवेला चालतो आणि वर्षातून दोनदा रॅलीला नेणाऱ्याला मात्र नडतो. उलटं नको का?

कागदीघोडा:
नियम बदलेल तेव्हा बदलेल. ब्लॉक बदललाच असेल तर कलम ५२ची नोंद आधी उरका, आरसी हातात आल्यावर विंटेजचा अर्ज भरा. कागदावर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा, अशी गाडी समितीपुढे नेऊ नका.