मलय संस्थानांची राजवाडा-संग्रहालये : आपल्याकडच्या वाड्यांसाठी काही घेण्यासारखे आहे का?

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातील आमच्या गावात देशमुखांचा दोनचौकी वाडा आहे. वारसदार नोकरीधंद्यानिमित्त बाहेर स्थायिक झाले असून, वाडा कोसळण्याआधी गावाने त्याचे काहीतरी करावे, अशी त्यांची इच्छा आहे. आत एक पालखी, काही तलवारी व दांडपट्टे, जरीकाम केलेले अंगरखे, निजामी अमदानीतील फारसी-उर्दू सनदा, मोडी दप्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला आजही बाहेर निघणारा नगारा, एवढा ऐवज आहे. मोठ्या शहरातील एका संस्थेने हे सर्व आपल्याकडे सुपूर्द करावे, असे सुचवले होते. परंतु शेजारच्या गावाने पूर्वी दिलेल्या वस्तू तिथे अजून पेटीबंदच पडून आहेत, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे गाव त्याला राजी नाही.

याच सुमारास मलेशियातील प्रादेशिक संग्रहालयांविषयी वाचनात आले. त्या देशाच्या तेरा राज्यांपैकी नऊ राज्यांत आजही राजघराणी आहेत आणि तेथील राजे दर पाच वर्षांनी आपल्यातील एकाला देशाचा राजा निवडतात, एवढे माहीत होते. परंतु यांतील अनेक राज्यांनी आपले जुने राजवाडे जागच्या जागी संग्रहालयात रूपांतरित केले असून, शस्त्रे, वस्त्रे, राजचिन्हे आणि रीतिरिवाज तिथेच जपले जातात, हे माझ्यासाठी नवीन होते. ही संग्रहालये ज्यांनी पाहिली आहेत त्यांना विचारावेसे वाटते की, राजधानीत सर्व काही गोळा न करता वस्तू मूळ वास्तूतच ठेवण्याचा हा मार्ग प्रत्यक्षात कितपत टिकतो? आणि त्यात निव्वळ राजघराण्याचा उदोउदो होतो, की त्या मुलखातील इतर लोकही कुठे दिसतात?

परदेशी नांदेडकर

नोकरीनिमित्त मी काही वर्षे पेराक राज्यात काढली, त्यामुळे तिथलेच अधिक सांगू शकेन. पेराकमध्ये दोन अगदी निराळ्या प्रकृतीची संग्रहालये आहेत आणि त्यांतील फरक आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. ताइपिंग येथील पेराक संग्रहालय १८८३ साली, ब्रिटिश रेसिडेंट ह्यू लो यांच्या कारकिर्दीत सुरू झाले आणि ते मलेशियातील सर्वांत जुने संग्रहालय मानले जाते. पेंढा भरलेले प्राणी, मलय शस्त्रे आणि ओरांग अस्ली या मूळ रहिवाशांच्या वापरातील वस्तू तिथे एकाच छपराखाली आहेत. मुलखात जे जे सापडेल ते गोळा करून चिठ्ठी लावून मांडायचे, ही त्या काळची साहेबी रीत त्यात स्पष्ट दिसते.

याउलट सुलतानांचे गाव असलेल्या क्वाला कांग्सार येथे ‘इस्ताना केनांगान’ नावाचा लाकडी राजवाडा आहे. नवा पक्का राजवाडा बांधून होईपर्यंत राहण्याची सोय म्हणून तो १९२६ साली उभारला गेला. गंमत अशी की, तात्पुरत्या गरजेपुरती केलेली ही सोयच पुढे राज्याचे राजसंग्रहालय झाली. कागदावर नकाशा न काढता आणि लोखंडी खिळा न वापरता सुतारांनी तो रचला, आणि वरून पाहिल्यास त्याचा आकार म्यानातील तलवारीसारखा दिसतो, असे तिथे सांगितले जाते. माझे लक्ष मात्र भिंतींनी वेधून घेतले. त्या बांबूच्या पट्ट्यांच्या आहेत. लांबून पिवळ्या, पांढऱ्या आणि काळ्या रंगांत, म्हणजे राज्याच्या रंगांत, शंकरपाळ्यांची रंगवलेली नक्षी वाटते, पण हाताच्या अंतरावर गेल्यावर कळते की प्रत्येक पट्टी वर-खाली घालून आकार विणीतूनच उठवलेले आहेत. या विणकामाला तिथे ‘केलाराई’ म्हणतात. आपल्याकडच्या तट्ट्याचाच हा राजेशाही अवतार म्हणावा लागेल. अशा भिंतीचा भाग किडला तर तेवढाच काढून नवा बसवावा लागतो, म्हणजे विणणारा कारागीर शिल्लक असेल तरच वास्तू शिल्लक राहते.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागासाठी नेग्री सेम्बिलान राज्यातील स्री मेनांती येथील जुना राजवाडा पाहावा. मूळ वाडा १८७०च्या दशकातील लढाईत इंग्रजी फौजेने जाळला. त्यानंतर १९०२ ते १९०८ या काळात काहार आणि ताइब या दोन मलय सुतारांच्या देखरेखीखाली चेंगाल नावाच्या टणक लाकडात सध्याची चार मजली वास्तू उभी राहिली. तिचे सांधेही लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले आहेत. तिला ९९ खांब असून ते निरनिराळ्या प्रांतांतील ९९ योद्ध्यांचे प्रतीक मानले जातात. राजघराण्याने १९३१ साली तिथला मुक्काम हलवला आणि १९९२ साली तिथे संग्रहालय झाले. या राज्यात राजपद बापाकडून मुलाकडे आपोआप जात नाही. ‘उंदांग’ म्हटले जाणारे चार प्रांतप्रमुख राजघराण्यातील पुरुषांतून राजा निवडतात, आणि सुमात्रातील मिनांगकाबाउ लोकांसोबत आलेल्या रिवाजानुसार सर्वसामान्य कुटुंबांत कूळ व वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते. त्यामुळे तिथे राजाचे आसन पाहतानाही त्याला आसनावर बसवणारे कोण, हा विषय टाळता येत नाही. खांबांचा हिशेबच तो डोळ्यांपुढे ठेवतो.

आपल्या नगाऱ्याबद्दल वाचून ‘नोबात’ आठवले. केदाह, पेराक, सेलांगोर आणि तेरेंगानू या राज्यांत नगारा, ढोल, सनईसारखे वाद्य आणि लांब तुतारी असा राजवाद्यांचा ताफा आहे व राज्यारोहणाच्या वेळी तो वाजलाच पाहिजे, अशी रीत आहे. केदाहची राजधानी अलोर सेतार येथे ही वाद्ये ठेवण्यासाठी अष्टकोनी मनोराच बांधलेला आहे आणि त्याच्या आसपासच जुना दरबार महाल व राजसंग्रहालय आहे. तरीही ती वाद्ये काचेआडची झालेली नाहीत, समारंभ असला की बाहेर येतात. वाजवणारेही पिढीजात घराण्यांतले असतात. तुळजापूरच्या नगारखान्याशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना यात काही नवल वाटणार नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आपला नगारा संग्रहालयात जरूर नोंदवावा, पण दसऱ्याला तो बाहेर काढणे बंद करू नये.

प्रवासाचा विचार असल्यास एक सूचना : लाकडी राजवाडे डागडुजीसाठी दीर्घकाळ बंद राहू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करूनच जावे.

पैठणवेस

मी वस्त्रांपुरतेच लिहिते, कारण अंगरख्यांचा उल्लेख वाचून काळजी वाटली. मलय राजवाड्यांच्या संग्रहात ‘सोंगकेत’ हे जरीचे हातमागाचे वस्त्र हमखास असते. तेरेंगानू आणि केलांतान ही पूर्व किनाऱ्यावरील राज्ये त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत आणि २०२१ साली मलेशियाच्या सोंगकेतचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. ते पाहून आपल्याकडील लोक पटकन पैठणीशी तुलना करतात, पण विणीच्या दृष्टीने ते हिमरूला अधिक जवळचे आहे. पैठणीच्या पदरात रंगीत बाणा (आडवा धागा) जागच्या जागी दुसऱ्या बाण्यात अडकवून नक्षी उठवतात, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. सोंगकेतमध्ये आणि हिमरूमध्ये मूळ बाण्याखेरीज जादा धागा घालून नक्षी काढलेली असते. असे वस्त्र उलटून पाहिले की मागे सुटे, तरंगणारे धागे दिसतात, आणि बोटातली अंगठी अडकून फाटतात तेही तेच. जरीकाम केलेल्या जुन्या अंगरख्याचे अस्तर उचलून पाहिल्यास आत अशीच नाजूक स्थिती आढळेल, म्हणून तो दाखवण्यासाठी कोणाच्याही अंगावर चढवू नये.

जरीच्या वस्त्राची घडी अनेक वर्षे एकाच रेषेवर राहिली की धातूची तार तिथेच मोडते. सपाट कापड असेल तर जाड नळीवर, मध्ये धुवट मलमल घालून गुंडाळावे. अंगरखा गुंडाळता येत नाही, तो सपाट ठेवून बाह्यांत व घड्यांत मलमलीच्या सैल वळकट्या भराव्यात. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. वस्त्रांवरील उजेड ५० लक्सच्या आत असावा, असा संग्रहालयांचा सर्वमान्य दंडक आहे. वाड्याच्या चौकातून येणारे आपल्याकडचे ऊन लक्षात घेता, ही वस्त्रे ओसरीवर न मांडता आतल्या काळोख्या माजघरातच मांडणे इष्ट ठरेल.

आणि हो, मलय दरबारात गुजरातचे पटोळे मोठ्या मानाने वापरले जात. त्याला तिथे ‘चिंदाई’ म्हणतात. व्यापार आपल्या किनाऱ्यांवरूनच चाले, हे एखाद्या फलकावर लिहिण्याजोगे आहे, पण त्यावरून पैठणचे कापडही तिथे गेले असेल, असे अंदाजाने लिहू नये.

दप्तरदार

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तथापि एक मूलभूत फरक नजरेआड होऊ नये. मलय राजे आजही गादीवर आहेत. राज्यघटनेने त्यांना स्थान दिलेले आहे, आणि ज्या रिवाजांसाठी त्या वस्तू घडल्या ते रिवाज चालू आहेत. कोटा बारू येथील इस्ताना जहार हा १८८७ सालचा वाडा केलांतानच्या राजरिवाजांचे संग्रहालय आहे. तिथे मांडलेले विधी पाहणाऱ्यासाठी निव्वळ इतिहासजमा नसतात. मराठवाड्याची गोष्ट निराळी आहे. आपली राजसत्ता हैदराबादला होती, सप्टेंबर १९४८ मध्ये ती संपली, आणि दरबारी थाटाच्या वस्तू पाहायच्या तर आजही पुरानी हवेली किंवा सालारजंग संग्रहालय गाठावे लागते. गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांकडे राहिले ते वतनाचे कागद आणि मानपान. त्यामुळे आपल्या वाड्याला ‘राजवाडा’ म्हणून सजवण्याचा मोह टाळावा.

मलय संग्रहालयांतही सर्वच अस्सल आहे, असे नाही. मलाक्का येथील प्रसिद्ध सुलतान राजवाडा म्हणजे ‘सेजारा मेलायू’ या जुन्या बखरवजा ग्रंथातील वर्णनावरून उभारलेली प्रतिकृती आहे आणि ती १९८६ साली खुली झाली. ज्याच्या वाड्याचे ते वर्णन आहे तो मन्सूर शाह पंधराव्या शतकातला, आणि मलाक्का तर १५११ सालीच पोर्तुगीजांच्या हाती गेले. सुतारकामाचा नमुना म्हणून ती देखणी आहे, पण शाळकरी मुले तिला मूळ वाडा समजूनच परततात, हे मला पटत नाही.

मला विचाराल तर या साऱ्या राज्यांतील सर्वांत मोलाची वस्तू सिंहासनही नाही आणि क्रिस हा मलय खंजीरही नाही. ती आहे क्वाला तेरेंगानूच्या राज्य संग्रहालयातील कोरीव लेखाची शिळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्वाला बेरांगजवळ पुरानंतर ती आढळली. हिजरी ७०२, म्हणजे साधारण इ.स. १३०३ असा तिचा काळ सांगितला जातो. मलय भाषा अरबी वळणाच्या जावी लिपीत लिहिल्याचा तो अत्यंत जुना पुरावा असून, त्यात इस्लामी कायद्याची कलमे कोरलेली आहेत. मौज म्हणजे त्याच लेखात ईश्वराचा उल्लेख ‘देवाता मुलिया राया’ असा संस्कृत घडणीच्या शब्दांत येतो. धर्म बदलला तरी बोली एका दिवसात बदलत नाही, याचा इतका रोखठोक दाखला क्वचितच मिळतो. तिची नोंद २००९ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती-नोंदवहीत झाली. आपल्याकडे मात्र वीरगळ (वीरांचे स्मृतिदगड) आणि गद्धेगाळ (शापवचनाचे कोरीव दगड) पारावर शेंदूर फासून उभे असतात किंवा कोणाच्या तरी गोठ्याच्या पायात गेलेले असतात.

आपल्याला उदाहरण हवे असेल तर ते समुद्रापार शोधण्याचीही गरज नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेतून, निघालेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या म्हणून उभे राहिले. खापरे, मणी, मृण्मय बाहुल्या आणि ती सुप्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिच्या जातीची मूर्ती थेट इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेली आहे. हा संग्रह गावातच राहिला, म्हणून अभ्यासकांना तगरनगरी (तेरचे प्राचीन रूप) पाहायला तेरलाच यावे लागते.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताई, अंगरखे आजपर्यंत रामनवमीला मुलांना घालत असत. ते थांबवण्यासाठी वारसदारांशी कालच बोललो. दप्तरदार साहेबांचा ‘राजवाडा’ न म्हणण्याचा सल्ला मान्य आहे. किंबहुना नांदेडकर साहेबांनी सांगितलेल्या ९९ खांबांवरून असे सुचले की, वाड्याच्या ढेलजेत पहिली मांडणी घराण्याच्या वंशवेलीची न करता पालखी वाहणारे भोई, नगारा वाजवणारे, वेशीची राखण करणारे महार आणि गावचे बलुतेदार यांच्या हक्कांची करावी. मोडी दप्तरात त्यांच्या बलुत्याच्या व इनामाच्या नोंदी आहेत आणि त्यांतील बहुतेक घरे आजही गावात आहेत. त्यांच्याकडील वस्तू आणि आठवणी मागायच्या तर आधी त्यांना ठरवण्याच्या बैठकीत बसवावे लागेल. या मुद्द्यावर गावात दोन तट पडण्याची शक्यता आहे, ते मी नाकारत नाही.

तलवारी आणि सनदांच्या बाबतीत कायद्याने काय करणे आवश्यक आहे, हे कोणी सांगू शकेल का?

दप्तरदार

पुराणवस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुराणवस्तू ठरते. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. यांतील ठरावीक प्रकारांची नोंदणी बंधनकारक असल्यामुळे यादी घेऊन आधी राज्य पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात जावे. तलवारींसाठी हत्यारांचा कायदा वेगळा आहे, त्याविषयी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करून पोच घ्यावी. मात्र या दोन्हींच्या आधी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, मोजमाप आणि ती वाड्यात नेमकी कोठे होती याची नोंद असलेली वही तयार करावी, आणि तिची एक प्रत वारसदारांकडे व दुसरी ग्रामपंचायतीकडे राहील असे पाहावे. रुमाल सोडताना कागदांचा क्रम बदलू देऊ नये. मोडी वाचणारा मिळेपर्यंत ते तसेच बांधलेले राहिले तरी चालेल.