गुन्ह्याचा माग काढणारा आणि डिस्क तपासणारा एकच असावा का?

शोधयात्री (धागाकर्ता):
डिजिटल न्यायवैद्यक (संगणक, डिस्क यांतल्या पुराव्यांचे परीक्षण) आणि सायबर गुन्ह्यांचा तपास या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीला याव्यात, अशी अपेक्षा या क्षेत्रात येणाऱ्या तरुणांकडून केली जाते. मला ती चुकीची वाटते. इटिएल ड्रोर आणि निना सुंडे यांच्या २०२१च्या अभ्यासात ५३ परीक्षकांना एकाच डिस्कची प्रत तपासायला दिली होती. फरक होता तो प्रकरणाच्या पूर्वमाहितीत. संशयित निर्दोष असावा असे ज्यांना सुचवले गेले, त्यांना दोषाकडे निर्देश मिळालेल्यांपेक्षा कमी खुणा सापडल्या. ज्याने आठवडेच्या आठवडे एखाद्या संशयिताचा पाठलाग केला आहे, त्याच्याच हाती ती डिस्क द्यावी का?

बिनतारी:
मी पूर्णपणे असहमत आहे. प्रकरणच ठाऊक नसेल, तर टेराबाइटभर माहितीत परीक्षकाने शोधायचे तरी काय? लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८६ साली क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाने हिशेबातल्या ७५ सेंटच्या तफावतीचा पिच्छा पुरवला, घुसखोराच्या कळफलकाची प्रत्येक नोंद छापून घेतली, बनावट दस्तऐवजांचा सापळा लावला आणि त्यातूनच माग पश्चिम जर्मनीतील मार्कुस हेसपर्यंत पोहोचला. नोंदी वाचणारा आणि पुढची चाल ठरवणारा एकच होता, म्हणून तर हे साधले.

शोधयात्री:
स्टॉल यांच्यापुढचा प्रश्न 'घुसखोर कोण?' एवढाच होता. परीक्षकापुढचा प्रश्न 'या खुणेचा दुसरा कोणता अर्थ संभवतो?' असा असतो, आणि आपल्याच संशयाविरुद्ध तो विचारणे माणसाला फार जड जाते.

सोळाअंकी:
मी हे परीक्षणाचे काम करतो आणि मला तुम्हा दोघांपेक्षा वेगळीच काळजी वाटते. फ्लोरिडात मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या केसी अँथनीच्या खटल्यात, २०११ साली, क्लोरोफॉर्मविषयीचे एक पान ८४ वेळा उघडले गेल्याचे न्यायालयात सांगण्यात आले. हा आकडा एका तपासणी सॉफ्टवेअरने, म्हणजे साधनाने, दिला होता. पुढे त्या साधनाच्या निर्मात्याच्याच पुनर्तपासणीत ती भेट एकदाच झाल्याचे निघाले. ब्राउझरच्या इतिहासाची फाइल साधनाने चुकीची वाचली होती. प्रत मूळ डिस्कशी जुळते हे हॅश मूल्य (माहितीवरून गणिताने काढलेला तिचा जणू ठसा) सिद्ध करते, पण त्या प्रतीचा साधनाने लावलेला अर्थ बरोबर आहे की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यामुळे नव्याने येणाऱ्याने साधनांची प्रमाणपत्रे जमवण्याआधी ती फाइल उघडून कच्च्या स्वरूपात बाइट-बाइट वाचायला शिकावे, कारण उलटतपासणीत 'साधनाने असे दाखवले' हे उत्तर टिकत नाही, आणि मुख्य म्हणजे त्या उत्तरावर कोणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून असते.

बिनतारी:
हे मला मान्य आहे, आणि प्रयोगशाळेत आधी पूर्वमाहितीशिवाय निरीक्षणे लिहून काढावीत, प्रकरण नंतर समजून घ्यावे, हेही मी स्वीकारतो. परंतु घटनास्थळी चालू अवस्थेतला संगणक सापडतो तेव्हा काय? कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) डिस्क उघडी असते, तिची किल्ली रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, असते आणि वीज तोडली की ती जाते. काय टिपायचे, कोणत्या क्रमाने टिपायचे आणि आपल्या हाताळणीने यंत्रात काय बदलले याची नोंद कशी ठेवायची, हे तिथे उभ्या असलेल्या तपास अधिकाऱ्यालाच काही मिनिटांत ठरवावे लागते. त्याला न्यायवैद्यक येत नसेल, तर तुमच्या निःपक्ष परीक्षकाच्या टेबलावर वाचताच न येणारी डिस्क पोहोचेल.

शोधयात्री:
जप्तीपुरते हे मी मान्य करतो. साक्ष मात्र त्या अधिकाऱ्याने केवळ आपल्या हाताळणीविषयी द्यावी. डिस्कमधल्या खुणांचा अर्थ सांगणारा दुसराच असावा, यावर मी ठाम आहे.