रि: रि: पाकटाचा तक्ता, उद्या बाराला छापायला जातोय!!

मेघा (सध्या दादरला):
गिरगावातला छापखानेवाला उद्या बारापर्यंत फाइल मागतोय. कोणत्या देशाने किती पाकट (तो चपटा, लांब शेपटीचा मासा) धरलं त्यात इंडोनेशिया आणि भारत वर, हे ठीक. पण अर्जेंटिनाची स्केट, म्हणजे पाकटाचीच बिनविषारी काट्याची भावंडं, आपल्या काटेवाल्या पाकटांच्याच रकान्यात टाकू का? लवकर सांगा.

अण्णा, मस्कत:
आधी फोटो बघून घ्या. मागच्या वेळी पाकट म्हणून वाकटी, तो पट्टीसारखा लांब मासा, छापली होती, सगळं मंडळ हसलं. आणि तक्त्याचं काम बैठकीत माझ्याकडे होतं, असो.

प्रशांत:
अण्णा, वाकटी पुरे आता. मेघा, एकत्र टाकू नकोस. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आकड्यात आपलं बहुतेक पाकट 'पाकट, मँटा (अवाढव्य पाकट) वगैरे' अशा एकाच गाठोड्यात जातं, युरोपवाले जातीनिहाय नोंदवतात, म्हणजे त्यांचा स्तंभ तुकडे होऊन बुटका दिसणार आणि आपला उंच. आणि तक्त्यातले ते २००३ चे नऊ लाख टन हा मुशी (शार्क), पाकट, स्केट सगळं मिळून जगाचा आकडा आहे, नुसत्या पाकटाचा नाही!! पुढच्या दहाएक वर्षांत तो साधारण २० टक्के उतरला. त्याखाली 'नियमांमुळे घट' लिहिलंयस ते काढ. मासाच कमी झालाय.

सुनंदाताई:
प्रशांतचं खरं आहे. परवा पहाटे भाऊच्या धक्क्यावर गेले होते, टेबलाएवढं पाकट उताणं टाकलेलं, शेपटी आधीच छाटलेली, आणि बाजूला दोन पिल्लं, तळहाताएवढी. कोळीण म्हणाली, जाळ्यात आलं की पोटातलं टाकतं. एकेका खेपेला पिल्लं ती किती थोडी, आणि आपण जून-जुलै दोन महिने बोटी बांधून ठेवल्या की झालं म्हणतो. माझी आजी सुक्या पाकटाचं कालवण करायची, वासाने अख्खी चाळ जागी.

अण्णा, मस्कत:
ताई, कालवणात कोकम की चिंच?

प्रशांत:
इंडोनेशियाने २०१४ ला मँटा धरायलाच बंदी घातली, ते मात्र राहू दे. बाकी पाकटं तिथे चालूच आहेत, नाहीतर लोक समजतील सगळंच थांबलं.

मेघा:
ठरलं, स्केट वेगळी, नऊ लाखाखाली 'मुशीसकट'. आत्ताच छापखान्यातून फोन आला, मॅडम, हा मासा हसतोय, फोटो उलटा लागलाय का? ताई, तुमचा उताण्याचाच फोटो गेलाय, पाठीचा असेल तर आत्ता पाठवा.

सुनंदाताई:
चिंच.