विधानसभेला अपक्ष उभं राहायचंय, अर्ज कुठे अडकतो?

प्रश्न: विद्यमान आमदाराविरुद्ध अपक्ष लढायचंय. छाननीत अर्ज बाद होऊ नये म्हणून काय बघावं?

उत्तर १: सूचक, म्हणजे अर्जावर सही करून तुमचं नाव सुचवणारे मतदार. अपक्षाला १० लागतात, सगळे त्याच मतदारसंघातले. एक जरी शेजारच्या मतदारसंघातला निघाला तर उरतात ९, अर्ज बाद. त्यांचा यादी भाग आणि अनुक्रमांक ताज्या मतदार यादीतूनच घ्या. अर्जाचे चार संच भरता येतात, प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घ्या. अनामत एकदाच, १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००).

उत्तर २: नमुना २६ च्या शपथपत्रात (मालमत्ता, गुन्हे वगैरेची माहिती) रकाना कोरा नको, ‘निरंक’ लिहा. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ नंतर अर्ज घेतच नाहीत!

उत्तर ३: खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या किमान आदल्या दिवशी उघडा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, हरलात तरी.