आंबा आधी कापा, फणस थांबेल

आंब्याला कीड लागते, म्हणून वादळात पडलेलं खोड सरपणालाच द्यावं, असं कुणी म्हणतं, ते मला अर्धंच पटलं. कीड लागते ती ओंडका सालीसकट अंगणात पडून राहिला तर. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला, म्हणजे पावसाच्या तोंडावर. अशा दमट दिवसांत आंबा बघता बघता काळा-निळा पडतो आणि खाली पिवळसर भुसा दिसायला लागतो. फणसाचा पिवळा गाभा वाळवीलाही सहसा दाद देत नाही. तेव्हा फळ्या पाडायला लाकडाच्या मिलमध्ये नंबर लावायचा तर आधी आंब्याचा.

फळ्या निघाल्या की आंब्याला कीड लागू नये म्हणून लगेच बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी मारा. टोकांना उरलासुरला ऑइलपेंट फासा, चिरा तिथूनच सुरू होतात. सुकायला रचताना दोन फळ्यांच्या मध्ये एकाच जाडीच्या पट्ट्या, त्याही खालपासून वरपर्यंत एका रेषेत. नाहीतर फळी पापडासारखी वाकते. वर वजन, चारी बाजूंनी वारा, आणि ऊन अजिबात नको. इंचभर जाडी सुकायला साधारण वर्ष धरतात. कोकणात मी त्यात पावसाळा मोजत नाही. सुतार घाई करतोच, करू द्या.

घराजवळच्या झाडात खिळे, कपड्यांची तार हमखास निघते. मिलवाल्याला आधीच सांगा, पातं गेलं की तो उरलेले ओंडके परत पाठवतो.

साग पडला असेल तर मात्र वनखात्याचा वाहतूक पास हातात आल्याशिवाय टेम्पो बोलावू नका.